उगवण चाचणी

जालन्यात उन्हाळा सगळ्यात आधी
माझ्या खोलीच्या काचेला येऊन टेकतो.
आत अठरा अंश, बाहेर त्रेचाळीस,
आणि दारावर मीच चिकटवलेला कागद :
'येथे डबे ठेवू नयेत.'
तरी रॅकच्या मागे कुणीतरी
ताकाची बाटली गार करायला ठेवतंच.
मी पाहून न पाहिल्यासारखं करतो.

आई विचारते, तू नेमकं करतो काय रे?
काही होऊ नये म्हणून बसतो, मी सांगतो.
मग राखणदारच की, ती म्हणते,
आणि तुरीची डाळ निवडू लागते.
ऑर्डरीवर पदाचं नाव लांबलचक आहे.
पण तिचं बरोबर आहे.

रात्री शेजारची भट्टी लागते
तेव्हा ट्यूबलाइट डोळा मिचकावते,
यूपीएस एकदा कण्हतो,
माझा हात आपोआप टेबलाची कड धरतो.
त्यांचं वितळतं लोखंड आणि आमच्या बियाण्यांचे आकडे
एकाच तारेवर जगतात.

माझ्याआधी इथे मुजीबुद्दीन सर होते.
जाताना किल्ल्यांचा जुडगा दिला
आणि एक दोनशेपानी वही.
तारीख, बिघाड, उपाय.
मधेच कुठेतरी :
'आज नळाला पाणी, बाराव्या दिवशी. लवकर निघालो.'
किंवा नुसतं, 'सगळं चालू. मन नाही.'
वही संपली तशी मी दुसरी आणली.
ती कुणी वाचत नाही,
म्हणून तिच्यात खरं लिहिता येतं.

खरं म्हणजे हे :
एप्रिलच्या एका रात्री डिस्क गेली.
घाबरलो नाही. बॅकअप होता.
रोज पहाटे दोनला, रोज एक हिरवी खूण.
उघडला तर फोल्डरांची नावं जागच्या जागी,
आत काही नाही.
तेरा महिने मी
एका हिरव्या खुणेला नमस्कार करत होतो.

सकाळी प्रयोगशाळेत गेलो.
खंदारे बाई ओल्या कागदात दाणे मांडत होत्या,
दहाच्या दहा ओळी, चिमट्याने.
पाच वर्षांचे आकडे गेले, मी म्हणालो.
त्यांनी ओळ पुरी केली.
कागदाची गुंडाळी केली, रबर लावलं, तारीख घातली.
मग म्हणाल्या,
'तुम्ही ठिवलं, पण पेरून पाह्यलं नव्हतं का कधी?
पोत्यात असतं तोवर सगळंच बियाणं दिसतं, साहेब.
ओलं केल्याबिगर कळत नाही.'

आणि लोखंडी कपाट उघडलं.
कार्बन कागदाच्या निळ्या प्रती,
हळदीच्या बोटांचे डाग,
झुरळाच्या गोळ्यांचा वास.

अकरा रात्री त्या वाचत गेल्या, मी टंकत गेलो.
सत्त्याण्णव. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याऐंशी.
एका ठिकाणी थांबल्या.
एकसष्ट, म्हणाल्या, आणि समासातलं वाचलंच नाही.
मी वाकून पाहिलं :
'लॉट परत केला. वरून फोन. तरी परत.'
हे सर्व्हरवर कधीच नव्हतं.
त्यासाठी रकाना नव्हता.
मी रकाना केला नाही,
माझ्या वहीत उतरवून घेतलं.

आता दर गुरुवारी
एका रिकाम्या यंत्रावर
ठेवलेल्यातल्या शंभर फाइली उघडून पाहतो.
कुणी सांगितलेलं नाही,
कुणी विचारत नाही,
काही झालं नाही तर कुणाला कळणारही नाही.
बाहेर भट्टी लागते. ट्यूबलाइट मिचकावते.
ताकाची बाटली आता मीही ठेवतो.

परवा आनंदाने सांगायला गेलो :
बाई, शंभरातल्या शंभर उगवल्या!
त्यांनी चिमटा खाली ठेवला नाही,
वर पाहिलंही नाही.
'शंभर आले की,' म्हणाल्या,
'पुन्हा मोजायचं.'

मोजतोय.